उजवे कोणाचे? – शरीरातील दिशा आणि त्यांची भाषा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा विषय कोणता घेणार असे विचारले. मी म्हटले, ‘शरीरातल्या दिशा.’ त्यांना वाटले, मी काही योगाविषयी किंवा वास्तुशास्त्राविषयी बोलणार आहे. तसे काही नाही. वर-खाली, पुढे-मागे, उजवे-डावे, आत-बाहेर हे जे शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, ते माणसाच्या देहाला लावायचे झाले म्हणजे काय घोटाळे होतात, आणि ते निस्तरण्यासाठी शारीरशास्त्राने कोणती शिस्त घातली, एवढाच आजचा विषय आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी थंड हवेला म्हणून आलेल्या मंडळींपुढे हा विषय ठेवणे जरा धाडसाचे आहे. पण मला तो का जवळचा वाटतो याला एक कारण आहे, आणि ते प्रथम सांगून टाकतो.

शारीरशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पण त्याआधी एका रुग्णालयात मी नवशिका डॉक्टर होतो. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. एक शेतकरी अंतर्गळ, म्हणजे ज्याला सर्वजण हर्निया म्हणतात, त्याच्या शस्त्रक्रियेसाठी आला. मी त्याला समोर उभे करून तपासले. खोकायला लावले, जांघेत गाठ उतरली. ती माझ्या उजव्या हाताच्या बाजूला होती. मी कागदावर लिहिले, ‘उजवीकडे’. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला टेबलावर निजवले. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. माणूस शुद्धीवर होता. हर्नियाची गाठ उताणे निजले की बहुधा पोटात परत जाते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून सर्वांची भिस्त कागदावर. मी उजवी जांघ औषधाने पुसू लागलो. मधला पडदा अजून लावायचा होता. म्हाताऱ्याने मान उचलून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “डाक्टरसाहेब, गोटी तं इकडं हाये न जी. तुमी तिकडं काहून पुसून राह्यले?”

त्या माणसाने स्वतःची नको ती चिरफाड वाचवली, आणि माझीही अब्रू वाचवली. माझी चूक अज्ञानाची नव्हती. हर्निया काय असतो ते मला ठाऊक होते, उजवे-डावे तर चार वर्षांच्या पोराला कळते. चूक एका शब्दाची होती. मी ‘उजवे’ म्हटले ते माझे उजवे होते, रोग्याचे नव्हे. तेव्हापासून उजवे कोणाचे, हा प्रश्न माझ्या मागे लागला, आणि आज तो मी तुमच्या मागे लावणार आहे.

दोन माणसे समोरासमोर उभी राहिली की एकाचे उजवे ते दुसऱ्याचे डावे. रस्त्यावर पत्ता सांगताना आपण हे रोज अनुभवतो. बर्डीवरून महालात यायचे असेल तर ‘डाव्या अंगाला वळा’ असे सांगणारा स्वतःच्या तोंडाप्रमाणे सांगतो की ऐकणाराच्या, हे कळेपर्यंत रिक्षा पुढे निघून जाते. म्हणून शहाणा माणूस ‘डावे-उजवे’ न सांगता खूण सांगतो: अमुक देवळाकडे तोंड केले की. म्हणजे काय केले? त्याने एक ठाम जागा आणि एक ठाम रोख धरला. आपल्या नागपुरात शून्य मैलाचा दगड आहे. १९०७ सालचा तो खांब आणि ते घोडे सर्वांनी पाहिले आहेत. त्या खांबावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरली आहेत. अंतर मोजायचे तर कुठून मोजायचे ते आधी ठरले पाहिजे. एकाने इतवारीपासून आणि दुसऱ्याने अंबाझरीपासून मोजले तर दोघेही खरे बोलतील आणि हिशेब मात्र चुकेल. शारीरशास्त्रानेही आपला एक शून्य मैलाचा दगड रोवला आहे. तो दगड म्हणजे एक उभा माणूस.

हा माणूस कसा उभा आहे? ताठ, तोंड आणि नजर समोर, पावले जुळलेली, बोटे पुढे, हात दोन्ही बाजूंना खाली सोडलेले आणि तळवे समोर केलेले, जणू कोणाला हात रिकामे असल्याचे दाखवतो आहे. याला ‘शारीर स्थिती’ म्हणू. रोगी खाटेवर निजलेला असो, कुशीवर वळलेला असो, अपघातात उलटा पडलेला असो, किंवा टेबलावर पालथा असो, त्याचे वर्णन करताना मनाने त्याला या स्थितीत उभा करायचा आणि मग बोलायचे. निजलेल्या माणसाचे डोके पायांच्या ‘वर’च असते, आणि पालथ्या माणसाची पाठ छताकडे असली तरी ती ‘मागे’च असते. आणि उजवे म्हणजे नेहमी त्या माणसाचे उजवे. पाहणाराचे कधीही नव्हे. शास्त्राने येथे डॉक्टरला नव्हे, रोग्याला मान दिला आहे, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

एक्स-रेची काच डॉक्टर उजेडासमोर धरतो तेव्हाही तो असे धरून चालतो की रोगी त्याच्याकडे तोंड करून उभा आहे. म्हणून चित्रातली तुमच्या डाव्या हाताची बाजू ही रोग्याची उजवी बाजू. पुष्कळ लोक घरी आपला एक्स-रे खिडकीशी धरून ‘काळीज उजवीकडे सरकले’ म्हणून घाबरतात, ते याच कारणाने. म्हणून त्या चित्रावर कोपऱ्यात उजव्या-डाव्याचे अक्षर घातलेले असते. ते अक्षर लहान असते, पण त्याच्यावाचून चित्र वाचू नये.

आता कोणी विचारील, तळवे समोर का? सहज उभे राहिले तर तळवे मांड्यांकडे वळलेले असतात. याचे उत्तर कोपराखालच्या हाडांत आहे. तेथे दोन हाडे आहेत, एक अंगठ्याच्या बाजूचे, एक करंगळीच्या बाजूचे. पसा पुढे करून तुम्ही प्रसाद घेता तेव्हा ही दोन हाडे एकमेकांना समांतर असतात. हात पालथा केला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाते. म्हणजे पालथ्या हाताचे वर्णन करायचे तर वरच्या टोकाला जे हाड बाहेर, ते खालच्या टोकाला आत. असा गुंता होतो. उताण्या हातात हा गुंता नाही. म्हणून शास्त्राने प्रसाद घेणाराचा हात प्रमाण मानला.

आपल्या भाषेतही दिशांची अशीच एक जुनी उभी मूर्ती आहे. आपले पूर्वज उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहत. जे समोर ते पूर्व, जे पाठीमागे ते पश्चिम, जो उजवा हात ती दक्षिण. ‘दक्षिण’ या संस्कृत शब्दाचा अर्थ उजवाही आहे आणि खालच्या मुलखाची दिशाही आहे, तो यामुळेच. देवाला आपण प्रदक्षिणा घालतो, म्हणजे देवाला आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरतो. जनार्दनस्वामींनी या शहरात योगाभ्यासाची जी ओढ लावली, तिच्यामुळे येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी पश्चिमोत्तानासन केले असेल. करताना मुंबईकडे तोंड करावे लागते काय? नाही. त्या आसनात शरीराची ‘पश्चिम’ ताणली जाते, म्हणजे पाठ. आणि जिच्यात छाती-पोट ताणले जाते ते पूर्वोत्तानासन. दिशांचे नकाशे कागदावर आले त्याच्या फार आधी ते अंगावर होते.

उलटही तितकेच खरे. आपण जगाला शरीराचे शब्द दिले. डोंगराचा माथा, डोंगराची सोंड, डोंगराचा पायथा, नदीचे मुख, कायद्याचे पोटकलम. ‘उजव्या अंगाला’ म्हणतो तेव्हा अंग म्हणजे देह. ‘उजव्या बाजूला’ म्हणतो तेव्हाही तेच, कारण ‘बाजू’ हा फारसी शब्द मुळात दंडाचा वाचक आहे. ‘पाठीमागे’ यात पाठ आहे, ‘सन्मुख’ यात मुख आहे. देह हा माणसाचा पहिला होकायंत्र होता.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंच्याने हळूहळू खरवडून त्वचेपासून आतपर्यंतचे भाग डोळ्यांनी पाहावेत, असा विधी सांगितला आहे. त्याच स्थानात १०७ मर्मांची मोजदाद आहे, आणि ती जागेप्रमाणे केलेली आहे: हातापायांत ४४, पोट व छातीत १२, पाठीत १४, आणि गळ्याच्या हाडाच्या वर ३७. गळ्याच्या हाडाला जत्रु म्हणत, आणि त्याच्या वरचे सारे ते ‘ऊर्ध्वजत्रु’. कान, नाक, डोळे, घसा, यांची शाखाच त्या एका दिशादर्शक शब्दावर उभी आहे. चरकाने वातरक्ताचे दोन प्रकार केले: त्वचा-मांसापुरते ते ‘उत्तान’ आणि खोल गेलेले ते ‘गंभीर’. आज इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी ‘सुपरफिशियल’ आणि ‘डीप’ म्हणतो, ती जोडी हीच. आणि आपला ‘उताणा’ हा घरगुती शब्द त्याच ‘उत्तान’चा वंशज आहे.

मग आपले सर्व आधीच तयार होते, नव्या शिस्तीची गरज काय होती? गरज होती, आणि ती केवळ आपल्याला नव्हे, युरोपालाही होती. एकाच शब्दाचे अनेक अर्थ होणे हा शास्त्रातला मोठा धोका आहे. आपल्याकडचाच ‘सव्य’ घ्या. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण मारतो म्हणून अर्जुन सव्यसाची. पण मराठी गणिताच्या पुस्तकात घड्याळाचा काटा फिरतो ती ‘सव्य’ दिशा, म्हणजे चांगली उजव्या हाताची चाल! शब्द तोच आणि हात बदलला. अशा शब्दावर कोणी जांघ कापायला घेतली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

दुसरा शब्द ‘अधर’. कवीला विचारा, अधर म्हणजे ओठ. संस्कृत पंडिताला विचारा, अधर म्हणजे खालचा. मराठीतून प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना विचारा, ते म्हणतील अधर बाजू म्हणजे पोटाकडची बाजू. तिघेही बरोबर. गाय चार पायांवर उभी असते, तेव्हा तिचे पोट खाली असते. म्हणून पोटाकडची बाजू अधर. बेडूक, झुरळ, मासा, सर्वांना हे लागू पडते. पण माणूस दोन पायांवर उठून उभा राहिला, आणि त्याचे पोट खाली न राहता पुढे आले. गाईचे ‘पुढे’ म्हणजे तोंडाकडे. माणसाचे ‘पुढे’ म्हणजे पोटाकडे. माणूस काटकोनात फिरला आणि त्याच्याबरोबर सर्व दिशाही फिरल्या. जो प्राणिशास्त्राच्या वर्गातून वैद्यकाच्या वर्गात येतो, त्याची पहिली सहामाही हा काटकोन पचवण्यात जाते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. गेलेन हा रोमन साम्राज्यातला महान वैद्य; त्याने शरीराचे वर्णन केले ते मुख्यतः माकडे, डुकरे अशा प्राण्यांच्या विच्छेदनावरून, आणि ते जवळजवळ तेरा शतके माणसाचे वर्णन म्हणून शिकवले गेले. १५४३ साली व्हेसेलियसचा मोठा ग्रंथ बाझल येथे छापला गेला. त्याने स्वतः मानवी प्रेते उघडून पाहिली आणि कित्येक बाबतीत गेलेनचे माणूस हे माणूस नसून जनावर आहे हे दाखवून दिले. पुढे प्रत्येक देशाने, प्रत्येक गुरूने आपापली नावे दिली. एकेका अवयवाला दहा-दहा नावे झाली. शेवटी १८९५ साली त्याच बाझल शहरात शारीरशास्त्रज्ञांनी लॅटिन नावांची एक सर्वमान्य यादी केली. सुमारे पन्नास हजार नावांतून पाच हजारांच्या आसपास ठेवली, बाकीची निरोप देऊन पाठवली. योगायोग असा की त्याच १८९५ साली राँटगेनने एक्स-किरण शोधले. पुढे १९५५ साली पॅरिसला त्या यादीची फेररचना झाली, १९९८ साली पुन्हा नवी यादी आली, आणि २०१९ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. म्हणजे हे काम अजून चालू आहे.

आता या शिस्तीतले मुख्य शब्द पाहू. ते सर्व जोडीने येतात. पुढचे ते अग्र, मागचे ते पश्च. वरचे ते ऊर्ध्व, खालचे ते निम्न. नाकाचा शेंडा आणि बेंबी यांवरून ओळंबा सोडला की शरीराची मध्यरेषा मिळते. तिच्या जवळचे ते अभिमध्य, तिच्यापासून दूर कडेचे ते पार्श्व. हे शब्द कानाला बोजड वाटतील, पण कल्पना सोपी आहे. मात्र एक गंमत लक्षात घ्या. शारीर स्थितीत उभे राहा: हाताचा अंगठा बाहेरच्या अंगाला आहे, आणि पायाचा अंगठा आतल्या अंगाला! असे का? गर्भात हात आणि पाय लहान वल्ह्यांसारखे फुटतात, तेव्हा दोघांचे अंगठे सारख्याच बाजूला असतात. मग हात बाहेरच्या दिशेने वळतात आणि पाय आतल्या दिशेने. म्हणूनच कोपर मागे टोक काढते आणि गुडघा पुढे. आईच्या पोटात झालेल्या त्या वळणाची खूण आपण जन्मभर बाळगतो.

दुसरी जोडी हातापायांसाठी आहे: समीपस्थ आणि दूरस्थ. आपली नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते, शहरातून वाहते आणि पुढे कन्हानला मिळते. नदीकाठचे कोणतेही ठिकाण घ्या, उगमाकडचे ते समीप, संगमाकडचे ते दूर. हाताचा उगम खांदा. म्हणून कोपर हे मनगटापेक्षा समीपस्थ, बोटे सर्वांत दूरस्थ. येथे ‘वर-खाली’ का म्हणत नाही? कारण हात उचलला की मनगट कोपराच्या वर जाते. पण ते खांद्यापासून दूरच राहते. एक सावधगिरी: रक्त कोणत्या दिशेने वाहते याच्याशी या जोडीचा संबंध नाही. शिरांतले रक्त बोटांकडून खांद्याकडे येते, तरी खांद्याकडची शीर ती समीपस्थच.

उरले छेद. भुईमुगाचा दाणा दोन डाळिंब्यांत फुटतो, तसा शरीराचा उजवा-डावा भाग करणारा एक. दाराच्या फळीसारखा, पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारा दुसरा. आणि काकडीच्या चकत्या करतो तसा आडवा तिसरा. आज सी. टी. स्कॅनचे यंत्र माणसाला न कापता या काकडीच्या चकत्या दाखवते. आणि तो पाहणारा रोग्याच्या पायथ्याशी उभा राहून डोक्याकडे पाहतो आहे असे मानायचे असते.

आता भाषेचा प्रश्न. तो नागपूरकरांपुढे मांडायला मला संकोच नाही, कारण परिभाषेचे एक मोठे कारखानदार याच शहरात होते. डॉ. रघुवीर यांची भारतीय संस्कृतीची संस्था नागपुरात होती, आणि जुन्या मध्यप्रदेशाची ही राजधानी असताना, जेथे हिंदी आणि मराठी दोन्ही नांदत होत्या, त्यांनी येथे बसून संस्कृत धातू आणि उपसर्ग यांपासून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली. पण शारीरशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या पद्धतीत एक मर्म होते. उपसर्ग हे मुळात दिशांचे शब्द आहेत. अधि म्हणजे वर, अव म्हणजे खाली, अभि म्हणजे कडे, परि म्हणजे सभोवार, उप म्हणजे जवळ. युरोपने लॅटिनचे उपसर्ग घेऊन जे केले तेच आपण संस्कृतचे घेऊन करू शकतो.

त्याही आधीची एक गोष्ट सांगतो. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली. १८३२ साली ती बंद झाली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून. आपले नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी निघाले, तेही इंग्रजीतूनच. मी स्वतः इंग्रजीतून शिकलो, इंग्रजीतून शिकवले. माझे मत विचाराल तर, डॉक्टरांनी आपसांत लॅटिन-इंग्रजी नावे वापरली म्हणून माझी तक्रार नाही. ती जगभर एकच आहेत, आणि तोच त्यांचा फायदा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये जी मराठी चालते, तिला आपण कोणतीच शिस्त लावली नाही. अग्र-पश्च पुस्तकात राहू द्या. पण पुढचे-मागचे, आतले-बाहेरचे, वरचे-खालचे हे घरातले शब्द नेमकेपणाने वापरायला कोणत्या कोशाची वाट पाहायची?

उदाहरण घ्या. रोगी म्हणतो, ‘हात दुखतो.’ खांदा, दंड, कोपर, मनगट की पंजा? मराठीत हे सर्व हात. ‘पाय दुखतो’ यात मांडीपासून टाचेपर्यंत सर्व आले. ‘काळजात कळ आली’ असे म्हणणारा छातीवर हात ठेवतो. पण खाटकाकडे काळीज मागितले तर तो यकृत देतो, आणि यकृत असते पोटात, उजवीकडे, बरगड्यांखाली. ‘कंबर दुखते’ म्हणून आलेल्या बाईचे दुखणे कधी पाठीच्या कण्याचे असते, कधी मूत्रपिंडाचे.

बाहेरून आपण डाव्या-उजव्याने सारखे दिसतो. आत मात्र तसे नाही. यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे. हृदयाचा मोठा भाग मध्यरेषेच्या डावीकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. यकृताच्या दाबाने उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली. श्वासनलिकेचे जे दोन फाटे होतात त्यांतला उजवा अधिक रुंद, आखूड आणि सरळ उतरणारा असतो. म्हणून लहान मूल हसता-खेळता शेंगदाणा किंवा चिंचोका गिळायला गेले आणि तो श्वासात अडकला, तर तो बहुधा उजव्या बाजूला जातो. माझी विनंती आहे की अगदी लहान मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नका. आणि सुमारे दहा हजारांत एखादा माणूस असा असतो की त्याचे सर्व अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. तो बहुधा धडधाकट जगतो. पण त्याने आपल्या कागदांवर हे ठळक लिहून ठेवले पाहिजे, कारण त्याचे आंत्रपुच्छ डावीकडे दुखेल.

आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, याचे दुखणे दिशा सांगूनच ओळखतात. आधी बेंबीभोवती मोघम कळ. मग काही तासांनी ती सरकून उजवीकडे खाली एका जागी बसते. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत रेषा ओढा, तिचे तीन भाग करा, हाडाकडचा पहिला भाग संपतो तो बिंदू. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी या शस्त्रवैद्याने तो १८८९ साली दाखवला. मुतखड्याची कळ पाठीकडून सुरू होऊन पुढे आणि खाली जांघेकडे धावते; आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना हिची ओळख आहे. पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखालून पाठीत, उजव्या खांद्याकडे जाते. हृदयाची कळ छातीच्या मध्यावर दाबल्यासारखी सुरू होऊन बहुधा डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते. म्हणजे रोग्याने ‘कुठे’ आणि ‘कुठून कुठे’ एवढे दोन प्रश्न नीट सोडवले, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

म्हणून शेवटी चार गोष्टी सांगतो. एक, दुखणे सांगताना आधी स्वतःची बाजू सांगा: ‘माझ्या उजव्या हाताच्या बाजूला.’ दोन, बोट ठेवून दाखवा. बोटाने जागा दाखवता येत नसेल आणि पंजा फिरवावा लागत असेल, तर तेही सांगा, त्यालाही अर्थ आहे. तीन, कळ कुठून कुठे जाते ते सांगा. चार, फोनवर बोलताना विशेष जपा. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते. पण फोनवर बोट दाखवता येत नाही. तेथे ‘इथे दुखते’ याला काही अर्थ नाही. तेथे शब्दच बोट.

आणि शस्त्रक्रियेला जाताना? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची एक यादी जगापुढे ठेवली. सुई देण्यापूर्वी रोग्यालाच विचारायचे: तुमचे नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या बाजूला? आणि त्या बाजूला आधीच खूण करायची. काही रोग्यांना वाटते, डॉक्टरला एवढेही ठाऊक नाही काय? रागावू नका. मोठ्याने, स्पष्ट उत्तर द्या. विचारले नाही तर आपण होऊन सांगा. भिडेपोटी गप्प बसू नका.

ती यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला माझा तो म्हातारा आठवला. त्याला ना अग्र ठाऊक, ना पश्च. पण आपला देह आपला आहे, आणि त्याचे उजवे-डावे आपल्याच बाजूने मोजायचे, हे शास्त्राचे पहिले सूत्र त्याला पाठ होते. मला, पदवी घेऊनही, नव्हते. पुढे वर्षानुवर्षे पहिल्या दिवशी वर्गात विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारीत असे, आणि तोच तुमच्याजवळ ठेवून रजा घेतो: उजवे खरे, पण कोणाचे?